जागच्या जागी गगनभरारी

गोंदिया जिल्ह्याच्या आकाशाला विमानाचे अप्रूप उरलेले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, 1940 साली, तत्कालीन इंग्रज सरकारने गोंदिया शहरापासून बारा किलोमीटरांवर, कामठ्याजवळच्या बिरसी गावी, भोवताली धानाच्या बांध्या आणि मोहाची झाडे यांखेरीज पाहण्यासारखे काही नसताना एक धावपट्टी आखून ठेवली. युद्ध संपले, सरकार गेले, पट्टी राहिली. आणि सार्वजनिक बांधकाम खाते, औद्योगिक विकास महामंडळ, भारतीय विमानतळ प्राधिकरण अशा तिच्या यथाक्रम बदल्या होत होत शेवटी तेथे वैमानिक घडविणारी एक मोठी संस्था येऊन ठाकली. तेव्हापासून डायमंड नावाची छोटी, पांढरीशुभ्र विमाने या मुलखावर इतक्या नेमाने घिरट्या घालीत असतात की, रोवणीला वाकलेली बाई डोक्यावरून विमान गेले म्हणून मान वर करील, हे दिवस आता इतिहासजमा झाले आहेत.

ही विमाने काय करतात, तर बिरसीहून उठतात, एक लांबट फेरी मारतात, धावपट्टीला चाके टेकली न टेकली तोच पुन्हा उठतात, आणि दिवसभर हाच उद्योग करून सायंकाळी जेथून निघाली तेथेच परत येतात. याला प्रशिक्षण म्हणतात, आणि त्यासाठी विद्यार्थ्यांचे पालक लक्षावधी रुपये मोजतात. हे येथे मुद्दाम नमूद करण्याचे कारण असे की, ज्या गृहस्थांविषयी मला लिहावयाचे आहे ते नेमके हेच कार्य एका शाळेच्या मैदानावर, आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातून, कोणत्याही पालकास तोशीस न लावता करीत असतात. आणि गाव त्यांना मात्र वेडे म्हणते.

गृहस्थ चित्रकलेचे निवृत्त शिक्षक आहेत. सारा मोहल्ला त्यांना गुरुजी म्हणतो, आणि मीही तेच म्हणेन. नागपूरला महाविद्यालयात शिकत असता ते राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागात दाखल झाले. हा विभाग 1 एप्रिल 1950 रोजी मुंबई आणि कलकत्ता येथील एकेका तुकडीने सुरू झाला. सुरुवातीची तारीख एक एप्रिल होती या योगायोगाकडे गुरुजींच्या सौभाग्यवती वरचेवर लक्ष वेधीत असतात. हवाई विभागातल्या मुलांना खऱ्या विमानात बसण्याचा योग जितका क्वचित, तितका नमुना-विमाने करण्याचा नित्य. आणि त्या नमुन्यांपैकी एक प्रकार गुरुजींच्या मनगटाला जो एकदा चिकटला तो विवाह, नोकरी, मुलांची शिक्षणे, पेन्शनचे कागद या सर्वांना पुरून उरला. त्याला कंट्रोल लाइन म्हणतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो. विमान सव्वा किलोच्या आतबाहेरचे, पंखांचा पसारा पन्नास इंचांच्या आसपास. त्याच्या डाव्या पंखाच्या टोकातून पोलादाच्या दोन बारीक तारा बाहेर येतात आणि साठ-पासष्ट फुटांवर, वर्तुळाच्या मध्यबिंदूशी उभ्या असलेल्या मनुष्याच्या हातातल्या मुठीला जाऊन मिळतात. पंखाच्या पोटात बेलक्रँक नावाची एक त्रिकोणी तरफ असते. मूठ मागे कलवली की एक तार ओढली जाते, दुसरी सैल होते, तरफ फिरते, तिला जोडलेली काडी शेपटीचा पडदा उचलते आणि विमान नाक वर करते. मूठ पुढे कलवली की नाक खाली. यापलीकडे उडविणाऱ्याच्या हाती कोणताही अधिकार नाही. वेग कमी करण्याची मुभा नाही, डावीउजवीकडे वळण्याची सोय नाही, आणि टाकीतले इंधन संपेपर्यंत थांबण्याची तर तजवीजच नाही. विमानाला वर आणि खाली एवढेच ठाऊक. बाकीची दिशा वर्तुळाने आधीच ठरवून दिलेली.

आता एवढ्या तुटपुंज्या अधिकारात कोणी काय करील, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर सरकारी शाळेत मुख्याध्यापकांच्या हाताखाली काढले आहे त्यांना ठाऊक असते की, मनुष्याची खरी कला तुटपुंज्या अधिकारातच फुलते. या दोनच हालचालींतून गुरुजी विमानाला कोलांट्या घ्यावयास लावतात, पोटावरचे पाठीवर करून उलटे पळवितात, हवेत चौकोन काढतात, त्रिकोण काढतात, आडवे आठ, उभे आठ, डोक्यावरचे आठ, वाळूच्या घड्याळाचा आकार आणि शेवटी चार पाकळ्यांचे फूल काढून ते मातीवर उतरवितात. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे हा सारा कार्यक्रम सात मिनिटांत आटोपावा लागतो, आणि चौकोनाचे कोपरे गोल झाले तर परीक्षक गुण कापतात. छत्तीस वर्षे मुलांच्या वहीतल्या चौकोनांचे कोपरे तपासलेल्या माणसाला ही अट विशेष प्रिय असावी, यात नवल नाही.

या विद्येचा उगम अमेरिकेत आहे. ओरेगन प्रांतातील पोर्टलंड शहरी जिम वॉकर नावाचा एक कल्पक कारखानदार होता. त्याने 1940 च्या सुमारास ‘फायरबॉल’ नावाचे असे विमान बाजारात आणले आणि तारेवरच्या या युक्तीचे एकस्व आपल्या नावे करून घेतले. हा मनुष्य तीन विमाने एकाच वेळी उडवी: एक उजव्या हाताने, एक डाव्या हाताने आणि एक डोक्याला बांधलेल्या मुठीने. पुढे पन्नासच्या दशकात त्याने कॉक्स नावाच्या दुसऱ्या कारखानदारावर दावा लावला, तेव्हा प्रतिपक्षाने ओबा सेंट क्लेअर नावाचा त्याच प्रांतातला एक साधा माणूस पुढे आणला, ज्याने वॉकरच्या आधीच तारा बांधून विमान फिरविले होते. आणि वॉकरचे एकस्व कोलमडले. इकडे टेक्ससमध्ये स्टँझेल नावाच्या गृहस्थाचीही स्वतंत्र खटपट चाललेली होतीच. सारांश, एका विमानाला दोन तारा आणि त्या तारांना तीन हिस्सेदार. आमच्याकडे धुऱ्यावरून जे वाद तहसील कचेरीत चालतात त्यांची सवय असलेल्या मनुष्याला या इतिहासात अपरिचित असे काही आढळत नाही.

गुरुजींचा ओढा त्यातही जुन्या घाटाच्या विमानांकडे. अमेरिकेतील या छंदाच्या मंडळींनी जुनेपणाची व्याख्या मोठ्या कसोशीने करून ठेवली आहे: 31 डिसेंबर 1952 पर्यंत ज्याचा आराखडा झाला ते ‘ओल्ड टाइम’, आणि 31 डिसेंबर 1969 पर्यंत ज्याचा झाला ते ‘क्लासिक’. यातली मौज अशी की, विमान काल रात्री जोडलेले असले, डिंक अजून ओला असला, तरी हरकत नाही. त्याचा आराखडा मात्र मुदतीच्या आत जन्मलेला असला पाहिजे आणि त्याबद्दल छापील पुरावा दाखविता आला पाहिजे. परकीयांना ही अट विक्षिप्त वाटत असेल. गोंदिया जिल्ह्यातील ज्या नागरिकाने मुलाच्या जातपडताळणीसाठी 1967 पूर्वीची कोतवाल-बुकाची नक्कल मिळविण्यासाठी अभिलेख कक्षाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत, त्याला ती अगदी घरची वाटेल. मुलगा समोर धडधाकट उभा असला तरी उपयोगाचा नाही. त्याचे पणजोबा कागदावर असावे लागतात.

गुरुजींनी निवडलेले विमान ‘नोबलर’. टेक्ससच्या जॉर्ज ऑल्ड्रिच या उड्डाणपटूने पन्नासच्या दशकात ते प्रसिद्धीस आणले, आणि त्याच्या पंखाच्या मागल्या कडेला शेपटीच्या पडद्याशी जोडलेले, त्याच्या उलट दिशेने हलणारे पडदे बसविले. शेपटीचा पडदा वर गेला की हे खाली येतात, पंखाची उचल वाढते आणि विमान कोपऱ्यात काटकोन मारते. याचा आराखडा गुरुजींच्या छपरीत भिंतभर लावलेला आहे. त्या भिंतीवर पूर्वी सत्यनारायणाची तसबीर होती. ती आता दुसऱ्या भिंतीवर, म्हणजे तत्त्वतः काहीच बिघडलेले नाही, असे गुरुजींचे म्हणणे, आणि सर्व काही बिघडलेले आहे, असे बाईंचे.

अडचण लाकडाची. ही विमाने बाल्साची करतात. बाल्सा इक्वाडोरात होतो. 1947 साली थोर हायरडालने पेरूपासून पॉलिनेशियापर्यंत जो तराफा तरंगत नेला तो याच लाकडाचा, आणि महायुद्धातल्या मॉस्किटो बाँबफेक्याच्या अंगातही हेच लाकूड होते. आता विचार करा की, ज्या जिल्ह्याच्या वखारींत साग, बीजा आणि ऐन यांचे थर लागलेले, ज्याच्या नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा लौकिक देशभर, त्या जिल्ह्यातील एक इसम लाकडासाठी इक्वाडोरच्या तोंडाकडे पाहत बसतो आणि कलकत्त्याच्या दुकानातून पोस्टाने येणारे फळकुटांचे पुडके सोनाराकडच्या तराजूत तोलतो. वखारवाल्याला हे कळले तेव्हा त्याने गुरुजींना सहानुभूतीने एक सागाची फळी फुकट देऊ केली. गुरुजींनी ती हातात घेऊन परत ठेवली आणि म्हणाले, “अहो, हिचे विमान नाही होणार, जहाज होईल.”

तथापि स्वदेशीचा अभिमान त्यांनाही आहे. आपल्याकडची काटेसावर ही वनस्पतींच्या वंशावळीत बाल्साची जवळची नातलग आहे असे त्यांनी कोठेतरी वाचले, आणि ती माहिती खरीही आहे. लाकूड तेच, आगपेटीच्या काड्या करतात ते. एका उन्हाळ्यात त्यांनी सावरीच्या पट्ट्यांचा अख्खा पंख उभा केला. नाते जवळचे असले तरी वजन दुप्पट-तिपटीच्या घरात जाते, हे वंशावळीत लिहिलेले नसते. ते विमान जमिनीवर फार सुंदर धावत असे.

पंखाच्या सांगाड्यावर चढवावयाच्या कापडाचीही कथा अशीच. जुन्या पद्धतीत रेशमाचे पातळ कापड ताणून त्यावर डोप नावाचे उग्र रोगण हाताहाताने चढवितात; रोगण वाळले की कापड ढोलकीसारखे ताठ होते. भंडारा-गोंदियाचा मुलूख कोशाच्या रेशमासाठी प्रसिद्ध, तेव्हा कापडासाठी जपानकडे कशाला जावे, असा विचार करून गुरुजींनी कपाटातले एक कोशाचे उपरणे काढले. ते उपरणे त्यांच्या लग्नातले होते. बाईंनी हरकत घेतली नाही, त्या एवढेच म्हणाल्या, “घ्या की. लग्नानंतर ते तुम्ही एकदाही अंगावर घेतलं नाही; विमानाच्या तरी घाला.” कोसा जाड पडतो, रोगण पीत राहतो आणि वजन वाढवीत राहतो, हे खरे, परंतु सकाळच्या कोवळ्या उन्हात त्या पंखातून जो मधासारखा रंग झिरपतो, तो मी पाहिला आहे, आणि त्यापुढे चार तोळ्यांचा हिशेब करणाऱ्याची मला कीव येते.

रोगणाच्या वासाबद्दल न बोललेले बरे. ज्या आठवड्यात डोप चढते त्या आठवड्यात शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांचे लोक आप्तेष्टांकडे जाण्याचे प्रलंबित बेत तडीस नेतात.

इंजिन ही या संसारातील सर्वांत मानी व्यक्ती. छात्रसेनेच्या काळात कलकत्त्याला बनणारी ऑरोरा इंजिने मिळत. त्यांतली डिझेल जातीची इंजिने ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालत. पैकी एक वस्तू दवाखान्यातली, दुसरी रेशन दुकानातली आणि तिसरी आजीच्या फडताळातली. त्यामुळे उड्डाणाच्या आदल्या दिवशी तरुण गुरुजींना डॉक्टर, रेशन दुकानदार आणि आजी अशा तीन सत्तास्थानांची मनधरणी करावी लागे. आता त्यांच्याकडे अमेरिकन बनावटीचे जुने ‘फॉक्स 35’ आहे, जे मिथेनॉलवर चालते. पण एरंडेल त्यातूनही सुटलेले नाही. मिथेनॉलमध्ये ते विरघळते आणि जळत्या इंजिनात वंगणाचे काम चिवटपणे करीत राहते, म्हणून त्याला पर्याय शोधूनही जुन्या मंडळींनी ते सोडले नाही. न जळलेले एरंडेल धुराबरोबर बाहेर येऊन विमानावर, तारांवर आणि गुरुजींच्या सदऱ्यावर बसते. पहिल्या महायुद्धातील फिरत्या इंजिनांच्या विमानांतही हेच तेल वापरीत, आणि त्याच्या फवाऱ्यात तासन्‌तास बसलेल्या वैमानिकांच्या पोटावर त्याचा जो स्वाभाविक परिणाम होई, त्याचे वर्णन शौर्यगाथांतून सहसा गाळतात. ज्या पिढीने दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी एरंडेल प्राशन केले आहे त्या पिढीला हे शौर्य कोणत्या दर्जाचे होते ते सांगावयास नको.

या फॉक्सची खासियत अशी की, ते मिश्रण जरा जास्त पाजून चालवावे लागते. सपाट उड्डाणात ते एका आड एक स्फोट गिळून दबक्या आवाजात गुरगुरत राहते. विमानाने नाक वर केले, भार पडला, की त्याचा सूर एकदम चढतो, ते सारी ताकद लावते, आणि विमान सपाट झाले की पुन्हा गुरगुर सुरू. म्हणजे उडविणाऱ्याच्या हाती नसलेला वेगाचा अधिकार इंजिन स्वतःच्या अकलेने चालविते. आमच्या एका कचेरीतील वरिष्ठ लिपिकांचा स्वभाव नेमका असा होता, आणि त्यांच्या निवृत्तीनंतर ती कचेरी कोसळली. फॉक्सला एकच व्यंग: लागोपाठ कोलांट्या घेताना ते मध्येच उचकी देते. साऱ्या जगात ही उचकी प्रसिद्ध आहे आणि तिच्यावरचे उपाय उचकीवरच्या उपायांइतकेच बहुविध व तितकेच गुणकारी आहेत. गुरुजी मात्र उचकीच्या क्षणी मान किंचित लववितात, भजनात कोणाला खोकला आला तर जाणकार श्रोता लववितो तशी.

आता प्रत्यक्ष उड्डाण. वेळ पहाटेची, कारण मे महिन्यात आठ वाजल्यानंतर गोंदियात उडण्याची इच्छा पाखरांनाही होत नाही आणि ऊन चढले की मैदानावर वावटळी फिरू लागतात. मैदानाच्या मधोमध चुन्याने एक लहान वर्तुळ आखलेले; त्यात गुरुजी, मनगटाला मुठीची सुरक्षादोरी बांधून. आधी तारांची परीक्षा: विमान धरून वजनाच्या दहापट ओढ द्यावयाची, तार तुटली तर जमिनीवर तुटावी. मग विजेच्या तारा जवळ नाहीत ना याची खात्री, कारण पोलादी तारेने विजेशी केलेला परिचय अखेरचाच ठरतो. शेजारचा एक शाळकरी मुलगा विमान धरतो, गुरुजी दीड व्होल्टचा सेल लावून पंख्याला टिचकी मारतात, इंजिन खोकते, पुन्हा टिचकी, पुन्हा खोकला, बोटाला फटका, एक संस्कृतप्रचुर उद्गार, आणि मग एकाएकी असा आवाज होतो की बाजूच्या राइस मिलवरचे पारवे एकगठ्ठा उठतात. गुरुजी लगबगीने मध्यावर जातात, मूठ उचलतात, हात वर करतात. मुलगा विमान सोडतो.

त्यानंतर सात मिनिटे ते मैदान, ते गाव, तो जिल्हा गुरुजींच्या लेखी नसतो. पाच-सव्वापाच सेकंदांची एक फेरी. ताशी ऐंशीच्या वर वेग. विमानाच्या वजनाच्या तिप्पट ओढ हातात. ही ओढ हाच सगळ्याचा प्राण आहे, आणि ती टिकावी म्हणून या विमानात जे जे केलेले असते ते पाहून मनुष्य थक्क होतो: बाहेरच्या पंखाच्या टोकात शिशाचा तुकडा, आतला पंख बाहेरच्याहून थोडा लांब, इंजिनाचे तोंड किंचित बाहेर वळविलेले, सुकाणूही बाहेरच. म्हणजे विमानाच्या अंगोपांगी निसटून जाण्याची इच्छा अगदी मोजूनमापून भरलेली असते. ते जितके निकराने दूर ओढते तितके हाती अधिक राहते. आणि ज्या क्षणी ते ओढणे सोडून समजूतदारपणे आत येऊ लागते, तारा सैल होतात, त्या क्षणी दोघांचाही संबंध संपून विमान गुरुजींच्या डोक्यावर येते. वाऱ्याच्या दिवशी हे हटकून होते, आणि त्या वेळी सत्तरी ओलांडलेले गुरुजी पाठमोरे ज्या चपळाईने मागे पळतात ती पाहण्यासाठी काही लोक केवळ वाऱ्याच्या दिवशीच येतात.

पहिल्या दिवशी प्रेक्षकांत एक वयस्क शेतकरी होते. ते बराच वेळ उकिडवे बसून पाहत राहिले आणि विमान उतरल्यावर जवळ आले.

“गुरुजी, हे इमान जाते कुठी?”

“कुठेच नाही.”

“मंग उडवता काहून?”

गुरुजींनी थोडा विचार केला आणि विचारले, “तुमच्या खळ्यावर धान चुरताना बैल कुठे जातात?”

“कुठीच नाही जात. पण धान निघते ना जी!”

या युक्तिवादाला आजतागायत उत्तर सापडलेले नाही. शेतकरी मात्र दुसऱ्या रविवारी पुन्हा आले, आणि तिसऱ्या रविवारी नातवाला घेऊन आले.

दुसरी हरकत धार्मिक स्वरूपाची निघाली. मैदानाशेजारच्या देवळात रोज सकाळी येणाऱ्या एका सात्त्विक गृहस्थांच्या लक्षात आले की, विमान सदैव डाव्या अंगाने फिरते. म्हणजे मध्यभागी उभे असलेले गुरुजी त्याच्या डाव्या हाताला राहतात. म्हणजे ही प्रदक्षिणा उलटी झाली. आणि उलटी प्रदक्षिणा, तीही देवळाच्या समक्ष, अशुभ होय. गुरुजींनी त्यांना आदरपूर्वक समजाविले की, मधोमध उभी असलेली वस्तू देव नसून निवृत्त शिक्षक असल्यामुळे शास्त्राचा बाध येत नाही. गृहस्थांचे पूर्ण समाधान झाले नाही. परंतु विमान पाठीवर होऊन उलटे उडू लागले की ते आता शेजाऱ्याला कोपर मारून सांगतात की, उलट्याची उलट म्हणजे सुलटच झाली की नाही.

गेल्या दिवाळीत गुरुजींचा पुण्याला अभियांत्रिकी शिकणारा पुतण्या ड्रोन घेऊन आला. ड्रोन ही आजकाल लग्नाच्या वरातीवर फिरणारी, वर-वधूपेक्षा केटररची मांडणी अधिक बारकाईने टिपणारी वस्तू. पुतण्याने ती हवेत सोडली, मूठ बाजूला ठेवली आणि दोन्ही हात खिशात घालून उभा राहिला; यंत्र जागच्या जागी तरंगत राहिले. “काका, हे आपोआप तोल सांभाळतं,” तो म्हणाला. गुरुजींनी कौतुकाने पाहिले आणि विचारले, “मग तू काय करतोस?” त्या प्रश्नात खवचटपणा नव्हता, मास्तरला खरोखरच उत्तर हवे होते.

पुतण्याने आव्हान समजून तारेची मूठ मागितली. नवशिक्यांसाठी केलेले प्लायवूडचे दणकट विमान वर गेले, पुतण्याच्या मुठीवर गुरुजींची मूठ होती, दोन फेऱ्या ठीक झाल्या. नियम एकच: डोळे विमानावर ठेवावे, मागून फिरणारी भिंत, झाडे, देऊळ यांच्याकडे पाहू नये, विमानावर नजर असली की ते स्थिर आणि जग पळते, जगावर नजर गेली की स्वतः पळावयाची पाळी येते. तिसऱ्या फेरीला पुतण्याने आपले चित्रीकरण कोणी करीत आहे की नाही हे पाहण्यासाठी मान वळविली. पुढच्या फेरीला तो जमिनीवर बसलेला होता, तोंडाने आईचे नाव घेत होता, आणि गुरुजी एका हाताने मूठ व दुसऱ्या हाताने पुतण्या सांभाळीत उरलेले इंधन संपण्याची वाट पाहत फिरत होते. जिम वॉकरने तीन विमाने एकदम उडविली खरी, पण त्याला भोवळ आलेला पुतण्या सांभाळावा लागल्याची नोंद नाही.

मैदानाचा प्रश्न निराळा. साठ-पासष्ट फूट तारा म्हणजे सव्वाशे-दीडशे फूट व्यासाचे वर्तुळ, आणि एवढी सपाट जागा या जिल्ह्यात धानाच्या बांध्यांना पाळी घातलेल्या असल्यामुळे शेतात मिळत नाही. तळ्याकाठी मिळाली असती, परंतु तेथे सारसांची जोडी उतरते, आणि महाराष्ट्रात सारस टिकून आहेत ते मुख्यतः आमच्या भागात. त्यांच्या संसारात फॉक्सची गुरगुर नको, हा गुरुजींचा स्वतःचा निर्बंध. उरले शाळेचे मैदान. त्यावर क्रिकेटवाल्या मुलांची वहिवाट, आणि वहिवाट ही चीज कागदापेक्षा बळकट. मुलांनी तक्रार केली, गुरुजींनी कैफियत दिली, प्रकरण संबंधित कचेरीत गेले.

तेथील लिपिकाने ‘विमान’ हा शब्द वाचून अर्ज आधी बिरसीकडे वर्ग करण्याचा शेरा मारला. तो गुरुजींनी प्रयत्नपूर्वक खोडविला. मग नमुना भरावा लागला. ‘उड्डाणाचे ठिकाण’ या रकान्यात त्यांनी लिहिले, ‘शाळेचे मैदान’. ‘गंतव्य ठिकाण’ या रकान्यात, ‘तेच’. ‘मार्गातील थांबे’, ‘निरंक’. ‘प्रवासी संख्या’, ‘निरंक’. ‘उपक्रमापासून जनतेस होणारा लाभ’ या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले, आणि शेवटी तेथेही सत्याला स्मरून ‘निरंक’ असेच लिहिले. लिपिकाने वर पाहिले. “लाभ निरंक लिहिणारे तुम्ही पहिलेच,” तो म्हणाला, आणि काय त्याच्या मनात आले कोण जाणे, त्याच दिवशी फाइल पुढे सरकली.

दर रविवारी सकाळी सहा ते आठ मैदान वापरण्याची परवानगी मिळाली. अट एकच, की सदर विमान कोणत्याही परिस्थितीत मैदानाच्या हद्दीबाहेर जाणार नाही, अशी लेखी हमी अर्जदाराने मुद्रांकावर द्यावी. विमानविद्येच्या आजवरच्या इतिहासात अशी हमी निर्धास्तपणे देऊ शकेल असा वैमानिक विरळा; गुरुजींनी ती दुसऱ्याच दिवशी, तारांची लांबी फूट-इंचांत नमूद करून आणि सोबत वर्तुळाचा प्रमाणबद्ध नकाशा जोडून सादर केली. त्याचबरोबर, क्रिकेटच्या चेंडूबाबतही त्याच मजकुराची हमी मुलांकडून घेण्यात यावी, असा एक जोडअर्ज त्यांनी दिला आहे. तो अद्याप विचाराधीन आहे.